मूषकाच्या पायाशी

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड वळवणारे हात पुष्कळ, पण लोखंडाचा उंदीर वळवणारा भुजंग एकटाच. जुन्या जीपच्या सांगाड्यावर त्यानं पत्र्याची गोल पाठ चढवली, सुपाएवढे कान लावले, पुढं पुरुषभर लांब तोंड काढलं आणि पुढची चाकं झाकायला पत्र्याचे दोन पंजे बसवले. चालवणारानं उंदराच्या पोटात बसायचं आणि त्याच्या डोळ्यांच्या भोकांतून रस्ता बघायचा. शहरातल्या गाड्यांच्या प्रदर्शनात या मूषकाभोवती एवढी झुंबड उडाली, की शेवटी दोरी बांधावी लागली.

प्रदर्शन उठलं आणि भुजंगाच्या गॅरेजात वाद पेटला. ही गाडी चालवायची, की नुसती बघायची?

"सर, तुमची जीप दर आठवड्याला माझ्या दारात येऊन मरती, अन् तुम्ही माझ्या उंदराला नावं ठेवून राह्यले?" भुजंग म्हणाला.

नागसेन सर अंबडच्या शाळेत शिकवायचे आणि जुनी जीप लेकरासारखी सांभाळायचे. ते हसले. "माझी बंद पडती, मान्य. पण तिच्यातून समोरचं दिसतं. तुझ्या तोंडापुढं बैल येऊन बसला तरी तुला कळायचं न्हाई. ही गाडी न्हाई भुजंग, मखर हाय."

मखर हा शब्द भुजंगाला झोंबला. मस्तगडात गाड्यांचे सुटे भाग विकणारा राधेश्याम लगेच त्याच्या मदतीला धावला. "पळायलाच पाहिजे का? बैलगाडीच्या चालीनं गेली तरी चालली म्हणायचं! लोक बघतात, खुश होतात. अजून काय पाहिजे?"

"काका, बाहेरच्या देशात अशा गाड्या ट्रकवर चढवून नेतात," अर्पिता म्हणाली. ती इंजिनिअरिंगला होती, गाड्यांचे व्हिडिओ करायची आणि त्यासाठीच गॅरेजात यायची. "त्यात कमीपणा काय?"

"त्यांनी न्यावं. माझी तिच्या चाकांवर जाईल. अंगारकीला राजूरच्या गणपतीपुढं उभी करतो, मंग बोला."

सगळ्यांनी रामकिसनकडे पाहिलं. भुजंगाचा हा थोरला भाऊ. पंचक्रोशीतल्या सप्त्यांमध्ये बुवांच्या मागं टाळ घेऊन उभं राहण्यात त्याची उमर गेलेली. गाडीतलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं, पण भुजंग त्याचा शब्द खाली पडू देत नसे. रामकिसनच्या मनात नाहीच म्हणायचं होतं. पण इतकी कीर्तनं ऐकलेला माणूस. बुवा सभा कशी जिंकतात ते अंगात मुरलेलं. एक वाक्य जिभेवर आलं आणि त्याला ते गिळवलं नाही.

"अरे, जो मूषक देवाला पाठीवर घेऊन त्रिभुवन फिरतो, तो दुसऱ्याच्या पाठीवर बसून राजूरला जाईल का?"

टाळ्या पडल्या. राधेश्यामनं शिट्टी मारली. भुजंगाचा चेहरा उजळला.

नागसेन सरांनी टाळी वाजवली नाही. "रामकिसनभाऊ, बोललात गोड. पण कोणी चाकाखाली आलं तर?"

"मी पुढं चालतो ना. माझा हात वर, तोवर गाडी उभी. हात खाली आला, की चालू. माणसाला धक्का लागला तर जबाब माझा."

अंगारकीच्या सकाळी मूषक राजूरच्या रस्त्याला लागला. गाडी खरंच चालली. वळायला अडली, दोनदा तापली, पण चालली. मागून मोटरसायकलवरून अर्पिता ओरडत होती, "काका, ब्रेक बराबर लागतोय!" पोटातून भुजंगाचं हसू ऐकू येत होतं.

राजूर जवळ आलं तशी अनवाणी माणसांची दाटी वाढली. आणि मग जे घडू लागलं, ते गॅरेजातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. ब्रेक, स्टेअरिंग, वळण सगळ्यावर भांडून झालं होतं. पण गणपतीचं वाहन रस्त्यानं आलं तर माणसं त्याच्या पाया पडणार, हे कोणी बोललंच नव्हतं. बाया पुढं यायच्या, पत्र्याच्या पंजाला हात लावायच्या, हात कपाळाला न्यायच्या. इथं दोरी कुठली? रामकिसन हात वर करून गाडी थांबवायचा आणि एकेकीला खांद्याला धरून बाजूला घ्यायचा. "माय, लांबूनच कर. आत चाक हाय." हे तर मला कळायला पाहिजे होतं, त्याच्या मनात आलं. बाकीच्यांना नसेल कळलं, पण मला!

गावच्या कमानीपाशी गाडी पुन्हा थांबली. रामकिसनचा हात वर होता. शेजारून एक दिंडी चालली होती, पखवाज रंगात आला होता आणि कोणा तरुण पोराच्या गळ्यातून अभंग असा उठला, की रामकिसनच्या काळजात हललं. त्याचे डोळे मिटले. वरचा हात कधी खाली येऊन गळ्यातल्या टाळांना लागला, त्याचं त्याला कळलं नाही.

भुजंगाला भोकातून तेवढंच दिसलं, दादाचा हात खाली आला. त्यानं क्लच सोडला.

गाडीनं झटका दिला नाही. सावकाश, बैलाच्या चालीनं ती हातभर पुढं गेली. पंजावर कपाळ टेकलेली एक म्हातारी, नंदाबाई, चाकाखाली गेली; तिला ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. ओरडली ती तिची सून, बेबीनंदा.

दुपारी सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर सगळे बसले होते. आत नंदाबाईवर पांढरी चादर होती. अर्पिता रडून रडून गप्प झाली होती. नागसेन सर बेबीनंदाला पाणी देत होते. 'मी म्हणलो होतो' असा एक शब्द त्यांनी काढला नाही. त्यानं रामकिसनला जास्तच जड झालं.

हवालदारानं भुजंगाला विचारलं, "पुढं कोणी रस्ता दाखवायला होतं का?"

भुजंगानं मान वर केली नाही. "कोणी न्हवतं साहेब. मी एकलाच. चूक माझी."

"खोटं हाय." रामकिसन उठला. तो हवालदारापुढं येऊन उभा राहिला. "मी होतो पुढं. माझ्या हातावर गाडी चालू होती. माझा हात खाली आला."

"दादा, बस खाली. तुझी उमर हाय का हे करायची?"

"गप राह्य." तो हवालदाराकडे वळला. "माझे डोळे मिटलेले होते. लिहा."

"डोळे काहून मिटले? चक्कर आली का?" हवालदाराच्या आवाजात दया होती. चक्कर म्हटलं तर सगळं सोपं होणार होतं, हे रामकिसनलाही दिसलं. भुजंग त्याच्याकडे बघत होता. बेबीनंदाही बघत होती.

"न्हाई," तो म्हणाला. "अभंग चालू होता. गोड लागला."

बेबीनंदानं पदर तोंडाशी धरला. हवालदार मान खाली घालून लिहू लागला.