नेट कुणी खाल्लं

स्वरूपाने स्वतःचा फोटो तिसऱ्यांदा लहान केला. आता त्यात नाक कुठलं नि टिकली कुठली हे तिच्या आईलाही सांगता आलं नसतं, तरी भरतीच्या साइटवरचं वर्तुळ आपलं गरगरतच राहिलं. ब्राउझरमधली चित्रं बंद करून झाली होती, जाहिराती अडवून झाल्या होत्या, जुना साठलेला कचरा पुसून झाला होता. वीज तंत्रज्ञाची सरकारी भरती, शेवटची तारीख आज, संध्याकाळी पाचपर्यंत. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

शेजारच्या खोलीतली तनुजा तिच्याजवळच बसून आपल्या फोनवर त्याच पानाशी झटत होती. दोघी चाकणच्या एकाच वायरिंगच्या कंपनीत, एकाच लाइनवर. सकाळची शिफ्ट करून धावत आलेल्या. मोबाइलच्या नेटवर भरवसा नव्हता. शिफ्ट सुटली की सगळं चाकण एकाच टॉवरवर तुटून पडतं, त्यामुळे सोळाही खोल्या घरमालकिणीच्या वायफायवर जगत होत्या. स्वरूपाला अजून चार वर्षं असले फॉर्म भरता येणार होते. तनुजाची वयोमर्यादा पुढच्या महिन्यात संपत होती.

"तू वर जा," तनुजा म्हणाली. "काकू तुझं ऐकतात. नेट कोण खातंय ते बघ. मोकळं झालं की दोघींचं जाईल. मी इथं पान धरून बसते."

घरमालकीण शालनबाई वरच्या मजल्यावर सोफ्यावर पाय घेऊन मिश्री लावत बसली होती. गावची जुनी बाई. जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर तिने खोल्या बांधल्या. मांडीवर टॅब होता आणि मिश्रीच्या बोटानेच ती तो सरकवत होती. काचेवर काळे ओघळ उमटले होते.

"काकू, नेट फार हळू आहे. आज फॉर्मचा शेवटचा दिवस. जरा बघू का?"

"बघ की. आमचा पोरगा, गणराज, सगळं जोडून ग्येला, मला काय कळतंय त्यातलं," शालनबाई म्हणाली आणि मुलाने घेऊन दिलेला टॅब पदराला पुसून तिच्या हातात दिला.

स्वरूपाने राउटरचं पान उघडलं. बावीस फोनांची नावं होती. त्या सगळ्यांच्या वर, जवळजवळ सगळं नेट एकटाच ओढणारा, 'कॅमेरा दोन'. गेटवरचा एक तिला ठाऊक होता.

"हा दुसरा कुठला, काकू?"

"मोरीवरला. कोण किती बादल्या ओढतंय ते कळाया नको?"

शालनबाईने बोट टेकवलं आणि चित्र उघडलं. खोल्यांमागची सामाईक मोरी, नळ, धुण्याचा दगड, दोरी. समोरच्या खोलीतली श्रद्धा परकर छातीशी बांधून केस धूत होती. चित्र अडकत अडकत चाललं होतं, तरी जे दिसायचं ते दिसत होतं. स्वरूपाने नजर वळवली.

"समदं कळतं बघ," शालनबाई तिला खेटून बसली. मिश्रीचा दर्प आला. "सात नंबरवाली सकाळपासनं दोनदा ओकली. दिवस गेलेत तिला, सासूला पत्ता न्हाई अजून. अन तुझं गेल्या म्हैन्यात आठ दिस उशिरा झालं, व्हय ना? दोरीवर कापडं दिसतात की."

शी. आपल्या अंगावरून कुणीतरी ते काळं बोट फिरवतंय असं स्वरूपाला वाटलं. उठून जावं, खाली जाऊन मोरीवर ओरडून सांगावं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते.

"हा कॅमेरा बंद केला, तर सगळ्यांचंच नेट पळेल, काकू."

"त्यो न्हाई बंद करायचा." आवाज गोडच होता. "बाकीच्यांचं कर बंद. तुझं तेवढं ठिव. तुला कुठं न्हाई म्हणते मी?"

स्वरूपाने एकेक नाव बंद करायला घेतलं. वीस नावं गेली. तिचा स्वतःचा फोन राहिला आणि तनुजाचा. हातातल्या फोनवर वर्तुळ फिरतच होतं. दहा मिनिटं तिने वाट पाहिली, दोनदा फोटो अर्ध्यावर जाऊन परत आला. मग तिने तनुजाचंही बंद केलं. पाच मिनिटांपुरतं, असं ती मनाशी म्हणाली.

फोटो गेला. सही गेली. चार अठ्ठेचाळीसला तिच्या फोनवर अर्जाचा क्रमांक आला.

ती टॅबकडे वळली, पण तो शालनबाईने ओढून घेतला होता.

"थांब गं. बघ तर, किती साफ दिसतंय आता."

खरंच साफ दिसत होतं. नळाचं पाणी थेंबाथेंबाने दिसत होतं. श्रद्धा गेली होती. धुण्याच्या दगडावर तनुजा चढून उभी होती, फोन धरलेला हात उंच करून, टाचा उचलून, इकडून तिकडे वळत.

"चालू करते ना परत," स्वरूपा म्हणाली. ते तिचं तिलाच जेमतेम ऐकू आलं.

"करू की. च्या टाकते, घिऊन जा."

टॅब हिसकावता आला असता. बाई साठीची, पकड ढिली. पण एक अर्ज कमी होतोय, असं स्वरूपाच्या मनात येऊन गेलं. आपल्याला असं सुचलं याची तिला त्या मिश्रीहून जास्त किळस आली. तरी ती बसून राहिली आणि दिलेला चहा तिने संपवला.

ती खाली उतरली तेव्हा पाच वाजून गेले होते. तनुजा दगडावरच बसली होती.

"बंद झालं पान," ती म्हणाली. "तुझं?"

"नाही गेलं."

कॅमेऱ्याचंही सांगता येणार नव्हतं. सांगितलं, तर त्यात तिने काय पाहिलं तेही सांगावं लागलं असतं.

तनुजाने तिचा हात हातात घेतला. "रडू नकोस. तुझी चार वर्षं आहेत अजून. पुढच्या वेळी मी सुट्टी काढून तुझ्यासोबत बसते, सकाळपासनं."

स्वरूपाने मान डोलावली. हात मात्र तिला सोडवून घेता आला नाही.