उत्तर देणाऱ्यांची खुर्ची

मी फ्रान्सिसटाउनच्या कचेरीतली खुर्ची बोलतेय. या देशात कायमचं राहू द्या, असा अर्ज करणारी माणसं मुलाखतीला माझ्यावर बसतात.

माझं लाकूड चोबे नदीकाठचं. दुपारी पंख्याची सावली अंगावरून फिरू लागली की अजूनही वाटतं, पाणी वाहतंय आणि मी उभ्या उभ्या डुलतेय. मग कुणीतरी येऊन बसतं. माणूस उठून गेला तरी त्याची ऊब माझ्यात बराच वेळ रेंगाळते.

मुदेंडा सियाचितेमा आला तो दिवस मात्र मनातून जात नाही. मूळचा झांबियाचा, बोअरवेलचे पंप दुरुस्त करणारा. बावीस वर्षं इथून जवळच्या टोनोटा गावात राहिलेला. बायको गाओने इथलीच. अर्ज दोघांनी मिळून भरला होता. मुलाखतीच्या दोन महिने आधी गाओने गेली.

समोर तिघं बसले होते. मधल्या केबोन्येबाईंनी हळूच विचारलं, "अर्जात पत्नीचं नाव आहे. आता त्या नाहीत. मग इथं तुमचं कोण?"

मुदेंडा गप्प. माझे हात त्यानं इतके घट्ट धरले होते, की त्याची नाडी मला लागत होती. शेजारचे साहेब कागद उलटू लागले.

तेवढ्यात दार उघडलं. काठी टेकत गाओनेची आई आत आली.

"आजी, बाहेर थांबा."

"थांबलेच होते. हा तोंड उघडेना, म्हणून आले. ऊठ रे, बसू दे मला."

तो उठला, ती बसली. वजन असं नव्हतंच. जणू वाळलेलं पान येऊन टेकलं.

"अहो, मुलाखत यांची आहे," साहेब म्हणाले.

"याची कसली मुलाखत घेताय? बावीस वर्षांत माझ्याशी बावीस वाक्यं बोलला नसेल! पण पोरगी गेल्यापासून रोज पहाटे माझं अंगण झाडतो. जावई सासूचं अंगण झाडतो म्हणून गाव फिदीफिदी हसतं. याला काही लाज?"

साहेबांना हसू आवरेना. केबोन्येबाईंनी पेन खाली ठेवलं. "का झाडता हो?"

मुदेंडा माझ्या पाठीला धरून उभा होता. "पाचोळा साचलेला गाओनेला खपायचा नाही," तो म्हणाला. जरा थांबून पुढं म्हणाला, "परत गेलो तर तिकडं कुणाचं अंगण झाडू, बाई?"

केबोन्येबाईंनी पेन उचललं आणि त्या लिहू लागल्या.

चार महिन्यांनी तो परवानगीचं पत्र न्यायला आला. म्हातारी सोबत होतीच. "आता तरी बोल काहीतरी," ती खेकसली. "चला घरी," एवढंच तो म्हणाला.

सगळ्यांचं असं होत नाही. कितीजण उठून गेले, त्यांचं पुढं काय झालं, मला कधीच कळलं नाही.

आता माझा एक पाय डुगडुगतो. आत नव्या खुर्च्या आल्या आणि मला बाहेर वाट पाहणाऱ्यांसाठी ठेवलंय. आतल्या लोकांनो, एवढंच मागते: माणूस गप्प झाला, तर लगेच कागद उलटू नका.

या घडीला माझ्यावर एक बाई बसलीय. ओठातल्या ओठात उत्तरं घोकतेय. हे बघ, तुझं नाव पुकारलं. जा, माये. घोकलेलं विसरलीस तरी चालेल.