खुंट्यांवर टांगलेले सात शब्द

मी दारामागची सात खुंट्यांची एक जुनी फळी आहे. मित्रांनो, माझा एक स्क्रू ढिला आहे, त्यामुळे स्वस्थ बसणं मला जमतच नाही.

या घरातल्या सुताराने मला मोडक्या पलंगाच्या लाकडातून घडवलं. त्याच्या बायकोला मी फार आवडले. ती दवाखान्यात फरशी पुसायची. पुढे तिने वॉर्डमधल्या मदतनीसाच्या परीक्षेचा अर्ज भरला. त्यात जखमेच्या पट्टीचं सामान क्रमाने तोंडपाठ सांगायचं होतं. ती पान वाचायची, पान मिटायची आणि शब्द पसार!

"नुसतं घोकू नकोस," तिची नणंद म्हणाली. "शब्द कुठेतरी टांगून ठेव."

तिने ते शब्दशः घेतलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. खुंटीवरच्या एकेका वस्तूला हात लावून ती एकेक शब्द म्हणायला लागली. एप्रन म्हणजे हातमोजे. लोकरी टोपी म्हणजे कापूस. रेनकोट, जंतुनाशक. वाकड्या मुठीची छत्री, चिमटा. किल्ल्या, कात्री. मफलर, पट्टी. पिशवीचा बंद, चिकटपट्टी. महिनाभर रोज हेच. माझा केवढा रुबाब वाढला!

परीक्षेच्या सकाळी ती आंघोळीला गेली आणि सुताराला प्रेमाचं भरतं आलं. त्याने सगळं उतरवून खुर्चीत कोंबलं आणि मला चकचकीत पॉलिश केलं. मी ओरडणार कशी?

ती बाहेर आली आणि जागीच थिजली.

"माझे शब्द कुठे ठेवलेस?"

"शब्द? मी तर फक्त कपडे काढले गं!"

परत टांगायला वेळ नव्हता. ती रडवेली होऊन तशीच परीक्षेला गेली. दिवसभर माझा जीव टांगणीला लागला. सुतार दहादा दाराशी येऊन उभा राहिला.

संध्याकाळी ती आली. "चिमट्यापाशी अडकले," ती म्हणाली. "मग डोळे मिटले आणि हवेतच हात लावत गेले. छत्री, किल्ल्या, मफलर... परीक्षक बाई विचारतात, काय शोधतेस? म्हटलं, सापडलं!"

सातही शब्द आले होते. सुताराने गुपचूप सगळं जिथल्या तिथे टांगलं. पॉलिश ओलंच होतं. छत्रीचा वण माझ्या अंगावर अजून आहे.

मित्रांनो, कुणी पसाऱ्याकडे बघत पुटपुटत असेल, तर आवरण्याआधी एकदा विचारा. त्या पसाऱ्यात त्याचं काहीतरी टांगलेलं असतं.

आज पहिल्या खुंटीवर एप्रन नाही, वॉर्डचा पांढरा कोट आहे. निघताना ती तो अंगात घालते आणि रिकाम्या खुंटीला हात लावून हळूच म्हणते, "हातमोजे."