अठरावा आकडा

मी साखळी आहे, पण मला पाहून कुणी सोनाराकडे धावणार नाही. नखाएवढ्या चिपवर ॲल्युमिनियमचे दोनशे बारीक तुकडे आणि दर दोन तुकड्यांमध्ये ऑक्साइडचा पातळ पापुद्रा, एवढाच माझा संसार. या पापुद्र्याला जोड म्हणतात. माधुरीने मला अंधेरीच्या एका संशोधन संस्थेत बनवलं. माझ्याआधीच्या अकरा बहिणी बनता बनताच गेल्या.

कडाक्याच्या थंडीत ॲल्युमिनियम अतिसंवाहक होतं, म्हणजे त्यातून वीज विनाअडथळा जाते. म्हणून मला शीतयंत्रात ठेवलं, शून्याखाली दोनशे त्र्याहत्तर अंशांच्या आसपास. आणि माझ्यातून वीज गेलीच नाही. यात माझा दोष नाही. माझ्या जोडांजवळ काही भटके विद्युतभार अडकून असतात. सोसायटीच्या मीटिंगला माणसं वाटेल तिथे खुर्ची टाकून बसतात, तसे ते बसतात आणि वाट अडवतात. विजेचा दाब वाढवत नेला, की एका आकड्याला मात्र ती एकदम सुटते. माझा आकडा होता चारशे दहा मायक्रोव्होल्ट. तो मिळाला त्या दिवशी माधुरी "झकास!" म्हणून ओरडली.

तिचे मार्गदर्शक नंदकुमार सर ओरडले नाहीत. ते म्हणाले, "हाच आकडा पंधरा दिवसांनी परत दाखव. मग प्रबंधावर सही करतो." एकदाच घडलेल्या गोष्टीवर सरांचा विश्वास नाही.

मध्ये दसरा आला. माधुरी घाटकोपरची. दर दसऱ्याला ती आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जाते. मला थंड ठेवून ती गेली. इकडे सरांनी खंडेनवमीला दर वर्षीसारखी यंत्रांची पूजा मांडली. सर तसे कशालाच मानत नाहीत, पण पूजेतलं यंत्र चालू ठेवणं त्यांच्या जिवावर येतं. त्यांनी स्वतःच्या हाताने शीतयंत्र बंद केलं, झेंडूचा हार घातला आणि पेढा खाल्ला. दसरा उलटेपर्यंत मी खोलीइतकी गरम झाले होते. मग त्यांनी यंत्र सुरू केलं आणि विसरून गेले.

माधुरीने परत येऊन मोजलं. तीनशे पासष्ट. पुन्हा मोजलं. तीनशे पासष्ट.

"बिघडली," सर म्हणाले. "नवीन बनव."

नवीन बनवायला आठ महिने लागतात आणि तिची मुदत जानेवारीअखेर संपत होती. चार वर्षांची वाट लागली होती. ती सुन्नपणे यंत्राची नोंदवही चाळत बसली, तेव्हा सरांच्याच अक्षरातली ओळ सापडली: खंडेनवमी ते दसरा, यंत्र बंद.

"सर, पूजेमुळे आकडा बदलला."

"हळदकुंकवाने भौतिकशास्त्र बदलत नाही, माधुरी."

"हळदकुंकवाने नाही सर. तुम्ही तिला गरम केलंत. भटके भार उठून दुसरीकडे बसले."

सरांनी नोंदवहीतली आपलीच ओळ वाचली. चूक त्यांची होती आणि उपाय तिच्याकडे होता. मी दर वेळी गरम झाले, की भार नव्याने बसणार आणि आकडा बदलणार. मग आकडे कसे विखुरतात तेच मोजायचं, असं तिने ठरवलं. फक्त तापताना-गारठताना मी कधीही तडकू शकत होते.

"सॉरी हां," ती मला म्हणाली. "पण तूच आहेस यार, दुसरी कोण आहे?"

इतक्या आपलेपणाने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मी टिकायचं ठरवलं, जणू ते माझ्या हातात होतं.

सतरा वेळा टिकले. सतरा आकडे आले, एकासारखा दुसरा नाही. माधुरीने ते आलेखावर मांडले. अशा अस्ताव्यस्त भारांसाठी सिद्धान्त जी टेकडीसारखी रेषा सांगतो, तीच तिथे उभी राहिली. सरांनी ती चष्मा काढून पाहिली, मग घालून पाहिली.

"अजून एक झाला तर बरं," ते म्हणाले.

"तुटली तर, सर?"

"सतरा वेळा टिकलीय की."

अठराव्यांदा थंड होताना माझा एकशे बारावा जोड तडकला. आवाज झाला नाही. माधुरीने दाब हजारावर नेला, पाच हजारांवर नेला, तरी वीज सुटली नाही. मग यंत्राच्या पत्र्याला कपाळ टेकून ती उभी राहिली. त्या दिवशी तिचा डबा तसाच घरी गेला. तुटल्याचं मला विशेष काही वाटलं नाही. तिला आकडा देता आला नाही, याचं फार वाईट वाटलं.

प्रबंध तयार झाला. सरांनी सहीसाठी पेन उघडलं आणि तक्ता पाहून ते थांबले.

"ही शेवटची ओळ काढ. परीक्षक त्यावरच अडून बसतील. सतरा पुरेत."

सही अजून व्हायची होती.

"बसू देत सर," माधुरी म्हणाली. "तुटली तेही घडलंच ना? तुमचं खंडेनवमीचं पण लिहिलंय मी."

सरांनी बराच वेळ पेन हवेत धरलं. मग सही केली.

आता मी एका प्लास्टिकच्या डबीत, खणात असते. कितीही दाब दिला तरी माझ्यातून काही जाणार नाही, तेव्हा कृपा करून प्रयत्न करू नका. तो प्रबंध कधी हाती आला, तर पान एकशे बेचाळीस उघडा. वरच्या सतरा ओळी भराभर वाचल्यात तरी चालेल. त्यांच्याखालच्या ओळीवर मात्र जरा थांबा. तिथे आकडा नाही. माधुरीने लिहिलंय: साखळी तुटली.