बगलेचा पट्टा

आरमोरीत पोचूचं दुकान म्हणजे त्याच्या घराचा पुढचा ओटा. वर कवेलूचं छप्पर, खाली पाण्याची कुंडी, लोखंडी ऐरण, आरी, रापी आणि कातड्याच्या वासाला सरावलेला एक बोका. या ओट्यावर पोचूनं अर्ध्या गावाचे जोडे केले, बैलांचे पट्टे केले, विहिरीच्या मोटा शिवल्या. पिस्तुलाचं कव्हर मात्र कधी केलं नव्हतं. चैत्रातल्या एका सकाळी दिनकरराव वैरागडकर ओट्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "पोचूभाऊ, एक कव्हर करून हवंय. कमरेचं नको. बगलेत बसेल असं." पोचूनं त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या वहाणेकडे पाहिलं. तिचा अंगठा बसवायचा राहिला होता. तो त्यानं आधी बसवला.

दिनकरराव नागपूरच्या एका शिकार कंपनीचे मॅनेजर. लांबून हौशी शिकारी यायचे, त्यांना धानोऱ्याच्या जंगलात मचाणावर बसवायचं, आजूबाजूच्या गावांतली माणसं गोळा करून जनावर उठवायला हाका घालायचा, हे त्यांचं काम. जखमी जनावराला संपवायला म्हणून कमरेला पिस्तूल असे. माघात असाच एक हाका झाला. त्यात पोचूचा मुलगा इसरू मजुरीवर गेला होता. वाघ निघालाच नाही. हाका संपला, माणसं मचाणाखाली बसून पाणी पिऊ लागली. दिनकरराव शिडीवरून उतरत होते. कमरेचं कव्हर शिडीच्या बांबूला घासलं, झाकणाची गुंडी निसटली आणि पिस्तूल खाली दगडावर पडलं. नेमकं मागच्या घोड्यावर, गोळी उडवणाऱ्या खटक्यावर पडलं, आणि ते भरलेलं होतं. गोळी खाली बसलेल्या इसरूला लागली. मरतानाही त्याच्या हातातला तांब्या सुटला नाही, असं बरोबरच्या मंगरूनं नंतर येऊन सांगितलं होतं.

पोलिसांनी पंचनामा केला. अपघात ठरला. महिनाभर ठाण्यात ठेवलेलं पिस्तूलही दिनकररावांना परत मिळालं. अपघातच होता, हे पोचूलाही मान्य होतं. न मानण्यासारखं काही त्याला सापडलं नव्हतं.

तेव्हापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. त्याची बायको गुणाबाई रडली, रडायची थांबली, पुन्हा चुलीपाशी बसू लागली. पोचू ताटात पडेल ते खात होता. एकदा भाजीत मीठ पडलंच नव्हतं. ते गुणाबाईला स्वतः जेवायला बसल्यावर कळलं, आणि तोवर पोचू हात धुऊन ओट्यावर गेला होता.

आता ती दारात येऊन उभी होती.

"नाई म्हना," ती दारातूनच म्हणाली. साहेबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली.

दिनकररावांनी मान खाली घातली. "नागपुरात होईल तसं. पण मला वाटलं..." बोटं पिशवीच्या बंदाशी खेळत राहिली.

"बगलेत काऊन जी?" पोचूनं विचारलं.

"शिडी उतरताना कमरेचं घासतं. बगलेत असलं की हात मोकळे राहतात, आणि कशाला अडकत नाही. एका साहेबाकडे पाहिलंय मी."

"पिस्तूल इथी लागन. कातडं वल्लं करून त्याच्यावरच बसवा लागते. सुकेपर्यंत काढता येत नाई."

"मी बसतो ना इथेच. दिवसभर बसतो."

गुणाबाई आत निघून गेली. आत एक भांडं जोरात आपटलं.

आपण हो का म्हणालो, ते पोचूला सांगता आलं नसतं. कातडं होतं, आरी होती, आणि समोर माणूस उभा होता. तो उठला आणि हिरड्यात कमावलेल्या म्हशीच्या कातड्याचा एक चांगला तुकडा कुंडीत भिजत टाकला.

माप घ्यायची वेळ आली तेव्हा दिनकररावांनी सवयीनं हात पुढे करून सुतळी मागितली. आरमोरीतल्या वरच्या आळीची गिऱ्हाइकं पोचूचा हात अंगाला लागू देत नसत. जोड्याला कागदावर पाय ठेवायचा, पोचूनं लांबून कोळशानं रेघ ओढायची. पट्ट्याला गिऱ्हाइकानं आपल्याच हातानं सुतळी गुंडाळायची, गाठ मारायची आणि ओट्यावर टाकायची. विटाळ कायद्यानं गेला होता म्हणे, पण सुतळी गेली नव्हती. दिनकररावांनी खांद्यावरून, पाठीवरून, छातीवरून सुतळी घेतली, गाठी मारल्या आणि ती ओट्यावर ठेवली. टाकली नाही, ठेवली.

मग पिशवीतून दोन वस्तू काढल्या. गोळ्या काढून रिकामं केलेलं पिस्तूल, आणि आकाराच्या अंदाजासाठी कमरेचं जुनं कव्हर.

ते कव्हर पोचूनं ओळखलं. दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी ते याच ओट्यावर आलं होतं. झाकणाचं भोक सैल झालं होतं, गुंडी त्यात ठरत नव्हती. दिनकरराव तेव्हा त्याला नुसतं पोचू म्हणत. "हे जरा आत्ताच्या आत्ता करून दे रे पोचू," असं म्हणाले होते. "आज बाजार हाय, साहेब. चार लोकं बसून हायेत. ठेऊन जा, उद्या देतो." "ठेवून कसं जाऊ? पिस्तूल काय हातात नाचवत फिरू?" एवढंच बोलणं झालं होतं. दिनकरराव निघून गेले होते. पोचूनं पुढच्या गिऱ्हाइकाचा पाय कागदावर घेतला होता.

आता दोघांनीही त्या भोकाकडे पाहिलं. पोचूनं कव्हर उचलून बाजूला, फडताळाच्या खाली सरकवलं.

ओलं कातडं पिस्तुलावर बसवायचं म्हणजे अंगठ्यानं दाबत जायचं. नळी, गोळ्यांची चाकी, घोडा, मूठ. जिथं खड्डा आहे तिथं कातडं आत गेलं पाहिजे, जिथं उंचवटा आहे तिथं ताणलं पाहिजे. पोचू दाबत होता. घोड्यापाशी त्याचे अंगठे थोडे जास्त वेळ थांबले. काही होईल असं त्याला वाटलं होतं. काहीच झालं नाही. थंड लोखंड होतं. इसरूच्या लहानपणी त्याचा पहिला जोडा करताना पोचूनं असंच कातडं लाकडी ठोकळ्यावर दाबलं होतं, हेही आठवलं, आणि तेही नुसतं आठवलं.

पण काम करता करता एक विचार डोक्यात शिरला आणि माशीसारखा तिथंच बसला. त्या झाकणाचं भोक तेव्हाच नीट केलं असतं तर पिस्तूल पडलंच नसतं का? की पडणारच होतं? वाघानं, सापानं, विजेनं माणूस जातो तेव्हा लोक म्हणतात, त्याची दोरी तेवढीच होती. तसं असेल तर भोकाचा काही संबंध नाही. पण बोटभर कातड्यानं ते थांबत असेल तर? त्याला हे माहीत करून घ्यायचं होतं. माघापासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी हवं होतं.

दिनकरराव दिवसभर ओट्याच्या कडेला बसून राहिले. ऊन ओट्यावर चढलं तसे सरकत राहिले. समोरच्या चहाच्या टपरीवाल्या कोलूनं हाक मारली, "या न साहेब, सावलीत बसा! पिस्तूल का अंडे देऊन राह्यलं का?" दिनकरराव ओशाळवाणं हसले आणि जागचे हलले नाहीत; संध्याकाळी कातडं सुकलं तेव्हाच पिस्तूल घेऊन उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टे शिवून झाले. झाकणाऐवजी पोचूनं घोड्यावरून जाणारी एक जाड पट्टी केली होती. पितळी गुंडीचं भोक मुद्दाम अरुंद ठेवलं होतं, अंगठ्यानं जोर लावल्याशिवाय उघडणार नाही असं. दिनकररावांनी कव्हर अंगात घातलं तर ते पोटापाशी लोंबू लागलं. काल सुतळी कोटावरून गुंडाळली होती. आज कोट नव्हता.

"हात लावा लागन, साहेब," पोचू म्हणाला.

"लावा."

त्यांनी डावा हात वर केला. पोचूनं त्यांच्या छातीवरून, काखेखालून पट्टा ओढून घेतला. सदरा घामानं ओला होता. बरगड्या हाताला लागत होत्या. माणूस वाळला होता. आतलं काळीज धडधडताना पोचूच्या तळव्याला स्पष्ट कळत होतं. तो तसाच थोडा वेळ तळवा ठेवून राहिला. मग त्यानं आरीनं नवं भोक पाडलं आणि पट्टा आवळला.

"आता उडी मारा."

"काय?"

"वट्ट्यावरून उडी मारा. पिस्तूल खाली हाय न?"

"रिकामंच आहे. गोळ्या काढल्यात." त्यांनी चाकी फिरवून दाखवली, पिस्तूल कव्हरात घालून गुंडी लावली आणि ओट्यावरून खाली उडी मारली. कव्हर बगलेत जिथल्या तिथं राहिलं.

"पुन्हा."

कोलू टपरीतून बाहेर आला. "सर्कशीत चालले का साहेब? आमाले पास देजा जी!" चहा पिणारे दोघे-तिघे हसले.

दिनकररावांनी पुन्हा उडी मारली. मग पोचूनं घरामागची बांबूची शिडी आणून छपराला लावली. "चढा. वाकून उतरा. घासा अंग शिडीले. जोरानं घासा." दिनकरराव चढले, घासत उतरले. मधेच थांबून वाकले, इतके की डोकं खाली आलं. पिस्तूल पडलं नाही.

"पुन्हा."

पोचू शिडीच्या पायथ्याशी बसला होता. बसून राहिला होता, वर बघत. कोणीतरी मचाणाखाली बसावं तसा. ते कोलूच्या ध्यानात आलं आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं. त्यानं चहा पिणाऱ्यांना हातानंच गप्प केलं.

दिनकररावांचा पाय लचकला तरी ते चढत होते. त्यांच्या नाकावरून घाम पोचूच्या खांद्यावर पडत होता. पोचू पट्टीकडे पाहत होता. एकदा तरी निसट, असं तो मनात म्हणत होता. एकदाच. मग सगळं आपल्या हाताबाहेरचं होतं असं होईल, आणि घरात जाऊन झोपता येईल.

"पुन्हा," तो म्हणाला.

गुणाबाई दारात आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला. ती ना साहेबाकडे बघत होती ना शिडीकडे.

"पुरे करा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "नाई पडत ते."

पोचू उठला नाही. पण ‘पुन्हा’ म्हणालाही नाही.

दिनकरराव शिडीवरून उतरले आणि तिथंच मातीत बसले. गुणाबाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो त्यांच्या हातात न देता ओट्याच्या कडेवर ठेवला. दिनकररावांनी तो उचलला. वरून ओतून घेतलं नाही, तोंड लावून प्यायले. भर गल्लीत, सगळ्यांदेखत. मग लंगडत लंगडत बसच्या थांब्याकडे गेले. काही सांगायचं असल्यासारखे एकदा वळले होते, पण पोचू तेव्हा शिडी उचलून मागे नेत होता.

परत येऊन तो ओट्यावर बसला तेव्हा कमरेचं जुनं कव्हर फडताळाखाली तसंच पडलेलं दिसलं. साहेब विसरले होते, की ठेवून गेले होते, कोण जाणे.

कोलू चहाचा पेला घेऊन आला. एरवी हाक मारून बोलावायचा, आज स्वतः आणला. "घे गा पोचूभाऊ," एवढंच म्हणाला आणि पेला ऐरणीशेजारी ठेवून, काही थट्टा न करता परत गेला.

पोचूनं जुनं कव्हर मांडीवर घेतलं. सैल झालेल्या भोकामागे कातड्याचा एक लहानसा तुकडा लावला. दोऱ्याला मेण लावलं. आरी आत, दोरा बाहेर, ओढून घट्ट. कडेनं टाके घालून घेतले, मधे नवं भोक पाडलं, गुंडी लावून पाहिली. खेचली. पुन्हा खेचली. दोरा दातानं तोडला.

"का करून राह्यले?" आतून गुणाबाईनं विचारलं.

"काई नाई."

त्यानं पेल्याला हात लावला. चहा अजून गरम होता.