घुमीचे अठरा

घरात तिला सगळे धाकटी म्हणायचे. शाळेत गेल्यावर ती ‘छोट्या बाई’ झाली. शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होती आणि शेवटच्या वर्षी कॉलेजनं तिला सरावासाठी एका शाळेत धाडलं होतं. वर्ग सातवीचा, विषय विज्ञान. वर्ग मूळचा मोठ्या बाईंचा. त्या मागच्या बाकावर बसून ऐकायच्या, धाकटी शिकवायची. सत्र संपताना तोंडी परीक्षाही धाकटीनंच घ्यायची होती.

शिकवण्याची तिला धास्ती नव्हती. बडबडीत ती बापाच्या वळणावर गेली होती. धास्ती होती ती गुण देण्याची. कॉलेजात एकदा सरांनी एकाच मुलाचं उत्तर सगळ्यांना तपासायला दिलं, तर कुणी दहापैकी तीन दिले, कुणी सहा, आणि धाकटीनं नऊ. वर्गभर हशा पिकला. “खैरात वाटायला आलात का?” सर म्हणाले. पण त्याच तासाला ते असंही म्हणाले होते, की मुलाला काय येत नाही ते कुणीही शोधतं, काय येतं ते शोधतो तो शिक्षक. ते वाक्य धाकटीनं गाठीशी बांधलं.

घरी तिनं ते जेवताना ऐकवलं. वडिलांची गाडी शिकवण्याची शाळा होती, दोन जुन्या गाड्या आणि एक कळकट ऑफिस. ते घास थांबवून म्हणाले, “आमच्याकडे उलटं आहे बघ. साहेबासमोर गाडी मागे घेता आली की लायसन्स. पुढे तो आणि रस्ता, काय ते बघून घेतील.”

“म्हणूनच रस्त्यावर ही तऱ्हा,” आई म्हणाली आणि त्यांच्या पानात भाजी वाढली.

तोंडी परीक्षेसाठी धाकटीनं प्रयोगशाळा मागून घेतली. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. एक बेसिन, गळका नळ, त्याला बांधलेलं फडकं. शाळेची रीत होती, मुलाला वर्गासमोर उभं करून प्रश्न विचारायचे. धाकटीला ते नको होतं. ती एकेकाला आत बोलावणार होती.

“बोलाव बाई,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पोरं काही थोडीथोडकी नाहीत. संपेपर्यंत माझ्या वयाची होशील.”

टेबलावर तिनं स्टीलचा ग्लास ठेवला, त्यात बर्फाचं पाणी. ग्लासाला बाहेरून पाणी सुटलं की विचारायचं: हे पाणी कुठून आलं? वर्गात हे शिकवून झालेलं होतं.

वर्गात दर वर्षी पहिला येणारा एक मुलगा होता. सगळे त्याला पहिला नंबर म्हणूनच हाक मारत, त्याची आईसुद्धा. तो हाताची घडी घालून उभा राहिला आणि व्याख्या घडाघडा म्हणून मोकळा झाला. हवेतील बाष्पाचे थंड पृष्ठभागावर द्रवात रूपांतर होते, या क्रियेस संघनन म्हणतात.

“छान. मग ग्लासाच्या बाहेरचं हे पाणी कुठून आलं?”

त्यानं ग्लासाकडे पाहिलं. मग बाईंकडे. “आतून. झिरपून.”

“स्टीलमधून?”

“थोडं थोडं झिरपत असेल, बाई.”

धाकटीला हसू आलं नाही. एवढं पाठांतर आणि डोळ्यांसमोरच्या ग्लासाशी त्याचा काही संबंध नाही, याचं तिला वाईट वाटलं. तिनं त्याला वीसपैकी अकरा दिले.

बऱ्याच मुलांनंतर घुमी आली. हे नाव वर्गानं ठेवलेलं. ती बोलायची नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात हलवायची. लेखी परीक्षेत तिचा अर्धा पेपर कोरा असायचा. शिक्षकांच्या खोलीत तिचा विषय निघाला की कुणीतरी ‘दगडावर पाणी’ म्हणून मोकळं व्हायचं.

धाकटीनं प्रश्न विचारला आणि गप्प बसली. गप्प बसणं तिला जड जायचं, पण बसली. नळ टपटपत होता. घुमीनं ग्लासावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं.

“हे ग्लासातलं नाही,” ती म्हणाली. आवाज घोगरा होता, न वापरलेल्या वस्तूसारखा.

“कशावरून?”

“शाई टाका आत. आतलं निळं होईल. हे पांढरंच राहील.” मग जरा थांबून, “मी घरी टाकली होती. आई ओरडली.”

“मग हे आलं कुठून?”

“हवेतून. बाबांच्या चष्म्यावर येतं तसं. ते फळांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये असतात ना. बाहेर आले की चष्मा पांढराफटक. काही दिसत नाही. थंडीत येतात तेव्हा नाही एवढं होत, उकाडा असला की जास्त. तेव्हा हवेत पाणी जास्त असणार.” आणि मग ती चक्क हसली. “तसेच घरी आले आणि भांडायला लागले की आई म्हणते, आधी चष्मा पुसा, मग भांडा.”

उकाड्याचं धाकटीनं शिकवलंच नव्हतं. मुलगी गेल्यावरही ती थोडा वेळ त्या ओल्या ग्लासाकडे बघत बसली. मग तिनं अठरा गुण लिहिले. दोन कापले, कारण संघनन हा शब्द घुमीला आला नव्हता. सरांनी विचारलंच असतं तर ते दोनही तिला पटवून देता आले असते, याचा तिला अभिमान वाटला.

मोठ्या बाईंनी गुण पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला. “अगं, लेखीत पाच आणि तोंडीत अठरा? लोक विचारतील, तोंड कुणाचं होतं?”

“तिला येतं, बाई. खरंच येतं.”

“येत असेल. नाही कोण म्हणतंय? पण येणं वेगळं आणि चारचौघांत दिसणं वेगळं.” मग सुस्कारा सोडून म्हणाल्या, “असू दे. निस्तरायला मी आहेच.”

गुण फळ्यावर लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला नंबरची आई आली. बाई भांडखोर नव्हती. थकलेली होती. मुख्याध्यापकांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, “माझा मुलगा घोकून घोकून अर्धा झालाय. त्याला अकरा, आणि जिला तोंड उघडता येत नाही तिला अठरा? कसे, एवढंच सांगा.”

मुख्याध्यापकांनी दोन्ही मुलांना बोलावून घेतलं. धाकटीला आणि मोठ्या बाईंनाही. खोलीत काचेच्या कपाटात ढाली आणि कप मांडलेले होते, आणि सगळी माणसं मुलांपेक्षा उंच दिसत होती.

पहिला नंबरनं व्याख्या म्हटली. झिरपण्याचं त्याला कुणी विचारलं नाही.

“आता तू,” मुख्याध्यापक म्हणाले. आवाज चांगला होता त्यांचा, समजुतीचा. “घाबरू नकोस. छोट्या बाईंना सांगितलंस तेच सांग.”

घुमी जमिनीकडे बघत राहिली.

“सर, तिला खाली प्रयोगशाळेत नेऊ या का?” धाकटी म्हणाली. “ग्लास समोर असला की ती बोलते. तुम्ही दाराबाहेर उभे राहून ऐका.”

“परीक्षा दाराबाहेरून ऐकायची?” मुख्याध्यापक हसले. “बरं, तुम्ही सांगा. काय म्हणाली ती?”

धाकटीनं सांगितलं. शाई सांगितली, चष्मा सांगितला, उकाडा सांगितला. सांगता सांगता तिचं तिलाच जाणवलं की हे फार चांगलं वाटतंय, कुणीतरी रचल्यासारखं.

मुख्याध्यापक घुमीकडे वळले. “हे तू सांगितलंस?”

घुमीनं मान वर केली. पहिला नंबरच्या आईकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, मग धाकटीकडे. आणि मान हलवली. नाही.

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. धाकटीला वाटलं, त्या आता म्हणतील, छोटी बाई खोटं बोलणारी नाही, मी हिला ओळखते. त्या म्हणाल्या, “नवीन आहे, सर. उत्साहाच्या भरात होतं असं.”

घुमीला चार गुण मिळाले, पहिला नंबरला एकोणीस. त्याची आई जाताना धाकटीला म्हणाली, “राग मानू नका हं,” आणि ते मनापासून म्हणाली.

व्हरांड्यात धाकटीनं घुमीला गाठलं. “खोटं का बोललीस?”

घुमीनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला. मग म्हणाली, “हो म्हटलं असतं तर परत सांगायला लावलं असतं.”

“मग सांगायचं! येत होतं ना तुला?”

घुमीनं पट्टा बोटाला गुंडाळला.

“तुझ्यापायी मी तिथे तोंडघशी पडले. पोरं तुला म्हणतात ते काही खोटं नाही.”

तोंडातून गेलं ते गेलं. घुमी रडली नाही, रागावली नाही. फक्त ऐकलं, नेहमीचंच काहीतरी ऐकावं तसं, आणि वर्गाकडे चालू लागली. धाकटीनं तिला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात घंटा झाली आणि व्हरांडा पोरांनी भरून गेला.

घरी तिनं गुणांचं सांगितलं. व्हरांड्यातलं सांगितलं नाही. वडील बनियनवर बसून पंख्याची पाती पुसत होते.

“पुढच्या आठवड्यात तुझे सर पाठ बघायला येणार ना?” ते म्हणाले.

“हो.”

“मग आता शहाणपण पुरे. गाडी सरळ मागे घे आणि लायसन्स घे. एकदा नोकरी लागली की दे ना हव्या त्या पोरीला अठरा. कोण विचारतंय?”

“आणि तोवर त्या पोरीचं काय?” आईनं विचारलं.

“तोवर ती जाते की आठवीत,” वडील म्हणाले.

सर आले त्या दिवशी धाकटीनं इस्त्रीची साडी नेसली होती. तक्ते टांगलेले, खडू धारदार. सर मोठ्या बाईंच्या शेजारी, मागच्या बाकावर बसले, मांडीवर मूल्यांकनाचा तक्ता. त्यात पाठाची तयारी, फळ्याचा वापर, वर्गाचा प्रतिसाद यांना वेगवेगळे गुण होते. धाकटीला तो रकान्यांसकट पाठ होता. शांतता लांबली की प्रतिसादाचे गुण जातात, हेही तिला माहीत होतं.

पाठ सुरेख चालला. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरून हातांचं रान उगवायचं. ती एकाला उठवायची, उत्तर यायचं, ती पुढे सरकायची. पाऊण तास होत आला तेव्हा तिनं शेवटचा प्रश्न विचारला. कपडे वाळत घातले की त्यातलं पाणी जातं कुठे, आणि दमट दिवशी ते लवकर का जात नाही?

पुढचे हात या वेळी कमी होते. आणि भिंतीकडेच्या बाकावर घुमीचा हात वर आला. पुरता नाही. कोपर बाकावरच टेकलेलं, बोटं कानाच्या उंचीला. पण तो हात होता. वर्षभरात कुणी पाहिला नव्हता असा.

धाकटीनं पाहिला. तिची आणि घुमीची नजर एक झाली. आता तिला उठवायचं, आणि थांबायचं. नळ टपटपत होता तेवढा वेळ थांबायचं. त्या दिवशी थांबली होती की. पण मागे सर होते, पेन उघडलेलं होतं, आणि ती जर गप्पच राहिली तर? सगळ्यांसमोर, पुन्हा एकदा?

“तू सांग,” ती पहिला नंबरला म्हणाली.

त्यानं सांगितलं. अर्धं बरोबर होतं. “शाब्बास,” ती म्हणाली. भिंतीकडे पुन्हा पाहिलं तेव्हा हात खाली गेलेला होता.

सरांनी तिला ‘उत्तम’ शेरा दिला. खाली लिहिलं, ‘वर्गावर पकड चांगली. प्रश्न योग्य विद्यार्थ्यांना विचारले.’ हात मिळवून म्हणाले, “खैरात बंद केलीत. प्रगती आहे.” ते हसत होते. मुलाला काय येतं ते शोधण्याचं वाक्य त्यांच्या लक्षात तरी होतं की नाही, कोण जाणे.

सरावाचा शेवटचा दिवस. मुलांनी फळ्यावर रंगीत खडूंनी निरोप लिहिला, कुणी कागदाची फुलं दिली. मोठ्या बाईंनी तिला कडेला घेतलं आणि म्हणाल्या, “त्या दिवशी खोलीत मी बोलायला हवं होतं. पण तू तर जाणार होतीस, मला इथेच राहायचंय.” धाकटीनं मान डोलावली. तिला त्यांचा राग यायला हवा होता. पण आता त्यांच्यावर रागावण्याचा हक्क आपण घालवून बसलो, हे तिला कळत होतं.

मधल्या सुट्टीत ती भिंतीकडेच्या बाकापाशी गेली. घुमी डबा खात होती.

“व्हरांड्यात मी बोलले ते चुकलं माझं,” धाकटी म्हणाली. “आणि सर आले त्या दिवशी तुझा हात मी पाहिला होता. मुद्दाम विचारलं नाही.”

घुमीनं घास गिळला. डब्याचं झाकण लावलं. “मी हात नव्हता केला, बाई,” ती स्पष्ट आवाजात म्हणाली. “केस मागे घेत होते.”

आणि ती उठून डबा धुवायला गेली.

कॉलेजात प्रत्येकाला चिंतन लिहायचं होतं. विषय होता, ‘मूल्यमापनातून मी काय शिकले’. धाकटीनं पहिल्यांदा लिहिलं ते सगळं खरं होतं: ग्लास, शाई, व्हरांडा, हात. सरांनी ते परत दिलं. “ही कथा झाली. निष्कर्ष कुठे आहेत? भावना कमी करा, मुद्दे घाला.” तिनं दोन दिवस ते तसंच ठेवलं. मग पुन्हा लिहायला बसली. वस्तुनिष्ठता, सातत्य, विश्वासार्हता. लेखी व तोंडी गुणांत मेळ राखण्याचे महत्त्व. लिहिताना हात कुठेच अडला नाही. घुमीचा त्यात उल्लेख नव्हता.

निकालाच्या दिवशी प्राचार्यांनी नव्या तुकडीपुढे त्या चिंतनातला उतारा वाचून दाखवला. पहिल्या वर्षाची मुलंमुली तो उतरवून घेऊ लागली. एका मुलीनं हात वर करून विचारलं, “मॅडम, एखाद्याला येत असेल पण सांगता येत नसेल, तर किती गुण द्यायचे?”

प्राचार्यांनी धाकटीकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मुलीनं पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं, धाकटी सांगेल ते लिहून घ्यायला.

“तक्त्यात बसतील तेवढे,” धाकटी म्हणाली.

मुलीनं ते लिहून घेतलं.