पट्टीखालचं पाणी

"सगळ्यात कमी पाणी म्हणजे हे. एक मीटर वीस." इंजिनिअर बाईंनी वहीच्या पानावर पेन्सिल टेकवली. "म्हणजे रॅम्प इथपर्यंत उतरवला की झालं. टोकाला तरंगता धक्का. होडी लागेल, गळ टाकून निवांत बसता येईल, चाकाची खुर्चीसुद्धा थेट पाण्यापर्यंत जाईल."

जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता आणि तो उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते. भोवती उद्यानात नेहमी येणारी सात-आठ माणसं गोळा झाली होती. त्यांच्या मागे हात पाठीशी बांधून पट्टीवाले उभे होते. वही त्यांची होती. रोज सकाळी आठ वाजता तलावाच्या पायऱ्या उतरायच्या, दगडी खांबावरच्या लोखंडी पट्टीवर पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते पाहायचं आणि वहीत लिहायचं, अशी त्यांची बावीस वर्षांची नोकरी. खरं नाव पगारपत्रकात सुखरूप होतं, तलावावर ते कुणाला लागत नसे. आता निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि हल्ली पायऱ्या चढून वर आलं की घटकाभर टेकावं लागे.

"बावीस वर्षं आणि एक रकाना रिकामा नाही," बाई कौतुकाने म्हणाल्या. "काका, तुमच्या वह्या नसत्या तर आम्ही अंधारातच तीर मारले असते."

पट्टीवाल्यांनी मान हलवली. वहीकडे मात्र पाहिलं नाही.

"एक विचारू का?" गर्दीतून काठी पुढे आली आणि तिच्यामागून घड्याळवाले आले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान कधीच मुलाकडे गेलं होतं. गळ टाकून बसणं तेवढं त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं, पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना उतार झेपेना. ते वर बाकावर बसून दुसऱ्यांचे गळ पाहत आणि सहा वर्षं न कंटाळता अर्ज करत. हा रॅम्प येत होता तो त्यांच्याच चिकाटीवर. "अकरा वर्षांमागच्या उन्हाळ्यात पाणी पार खाली गेलं होतं हो. पट्टी सगळी उघडी पडली होती. मी त्या खांबाला पाठ टेकून बसलोय! एक वीस कसं असेल?"

"आजोबा, त्याच उन्हाळ्याची नोंद आहे ही. एक वीस."

घड्याळवाल्यांनी वळून पट्टीवाल्यांकडे पाहिलं. भरवशाने पाहिलं. पट्टीवाले बुटाच्या टोकाने एक खडा उकरत राहिले.

"वहीत तसं असेल तर माझंच चुकलं," घड्याळवाले अखेर म्हणाले आणि ओशाळं हसले. "सून म्हणतेच, तुम्हाला आता काही आठवत नाही म्हणून. चालायचंच."

लोक हसले. म्हाताऱ्याची काठी हळूहळू बाकाकडे परत गेली. पट्टीवाल्यांना वाटलं, आत्ताच्या आत्ता तोंड उघडावं. पण तोवर बाईंनी नकाशाची गुंडाळी करून टाकली होती.

घरी मुलीने ताट वाढलं. ती रेडिओच्या दुकानात दिवसभर उभी राहून आलेली, हेही दमलेले. दोघं दमलेली माणसं जेवतात तशी न बोलता जेवत होती.

"काय झालंय, बाबा? भात तसाच आहे."

"काही नाही. तलावावर रॅम्प होतोय. जुन्या वह्या काढल्या होत्या."

"कुठल्या?"

"आई होती ना दवाखान्यात. त्या सालची."

मुलीचा घास हातात राहिला. मग ती उठली आणि भांडी घासायला लागली, जरा जास्तच आवाज करत. अकरा वर्षांपूर्वी ती एकच वाक्य बोलली होती, "चाळीस दिवस बसलात आणि नेमके त्या दिवशी गेलात," आणि त्यानंतर तो विषय त्या घरात निघाला नव्हता.

बसले होते, हे खरं. चाळीस दिवस ते बायकोच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होते. रजा शिल्लक नव्हती, बदली माणूस मिळत नव्हता, म्हणून ते वहीच दवाखान्यात घेऊन गेले. सकाळचे आठ वाजले की तिच्या कपावर फुंकर घालायची, चहा निवला की तिला पाजायचा, मग वही उघडायची आणि काल लिहिलं त्यातून एक-दोन सेंटीमीटर कमी करून आजचा आकडा लिहायचा. उन्हाळ्यात पाणी तेवढंच उतरतं, तोवरच्या अकरा वर्षांचा तो अनुभव होता. त्या साली शहराने दुपटीने पाणी ओढलं, हे स्टुलावर बसून कसं कळणार?

बायको उशीवरून पाहत असे.

"अहो, न बघताच लिहिता?"

"पाणी कुठे पळून जातंय?"

ती हसायची. पण एक्केचाळिसाव्या सकाळी हसली नाही. "आज जाऊन या," म्हणाली. "पोरगी आहे माझ्याजवळ. खरं बघून या आणि तेच लिहा. माझ्यापायी खोटं लिहू नका."

ते गेले. पायऱ्या संपल्या तरी पाणी येईना. पट्टीचा शून्यसुद्धा कोरडा होता. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून त्यांनी शून्यापासून खाली टेप सोडली, तेव्हा चाळीस सेंटीमीटरवर पाणी लागलं. तिथेच वही उघडली. कालच्या ओळीत त्यांच्याच वळणदार अक्षरात एक मीटर एकवीस लिहिलेलं होतं. आज शून्याखाली चाळीस लिहायचं तर एका रात्रीत दीड मीटरहून जास्त पाणी कुठे गेलं, हे कुणीतरी विचारलंच असतं. त्यांनी एक मीटर वीस लिहिलं.

दवाखान्याच्या दारात नर्सने अडवलं. "असे चिखलाचे पाय घेऊन आत नाही जायचं. तिकडे नळ आहे." ते नळाखाली पाय धूत असताना मुलगी जिना उतरून आली. तिचा चेहरा पाहून त्यांनी नळ बंद केला. एका पायाचा चिखल तसाच राहिला होता.

पुढे लगेचच पाऊस आला आणि खरं-खोटं सगळं पाण्याखाली गेलं. त्या वहीकडे अकरा वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी पाहून झाल्यावर पट्टीवाले उद्यानाच्या चौकीत गेले. इंजिनिअर बाई तिथे एकट्याच टेबलावर आकडेमोड करत होत्या.

"मॅडम, तो एक मीटर वीस खोटा आहे."

"म्हणजे?"

"मी लिहिलाय. न बघता. म्हणजे, त्या दिवशी बघितलं होतं, पण बघितलेलं लिहिलं नाही. पाणी शून्याच्या खाली चाळीस होतं. त्याआधीचे चाळीस दिवस तर मी इथे नव्हतोच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या धाकट्या होत्या, मुलीपेक्षाही दोन-चार वर्षांनी. रागवावं की काय करावं, हे त्यांना चटकन ठरवता येईना.

"काका, हे काय सांगताय? तसा उन्हाळा परत आला असता, तर अख्खा रॅम्प चिखलाच्या वर लटकला असता. कुणी उतरलं असतं तर कमरेपर्यंत रुतलं असतं."

"म्हणून तर आलो."

"कुठे होतात तुम्ही चाळीस दिवस?"

"बायकोजवळ. दवाखान्यात. ती गेली त्यात."

बाहेर कुणीतरी होडीतलं पाणी डब्याने उपसत होतं. बाईंनी कागदावर काहीतरी मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. "रॅम्प आणखी वीस मीटर तरी लागेल. आराखडा परत पाठवावा लागणार, मंजुरी परत घ्यायची. यंदा काम होत नाही." मग हळू आवाजात म्हणाल्या, "आणि नोंद बदलायची तर तुमच्या सहीने बदलायला हवी. वरून विचारणा होईल, काका. दोनच महिने राहिलेत ना तुमचे?"

"होऊ दे विचारणा."

"खाडाखोड करू नका. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहा. प्रत्येक ओळीसमोर."

वही काखोटीला मारून ते बाहेर आले. घड्याळवाले बाकावर होते. पट्टीवाले त्यांच्या शेजारी टेकले.

"तुमचं बरोबर होतं, घड्याळवाले. पट्टी उघडी पडली होती. माझी वही खोटी."

घड्याळवाल्यांनी आधी वहीकडे आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. "बरोबर होतं ना? खांबाला पाठ टेकली होती ना मी?"

"टेकली असणार."

"मग सुनेला सांगायला या संध्याकाळी. माझ्या एकट्याचं ऐकायची नाही ती." म्हातारा केवढा खुलला. जरा वेळाने मात्र त्याने विचारलं, "मग रॅम्प?"

"पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी," घड्याळवाले म्हणाले आणि दोन्ही गुडघ्यांवरून हात फिरवत पाण्याकडे बघत राहिले. पट्टीवाल्यांना त्यांची क्षमा मागायची होती. ती मागता आली नाही, म्हणून ते नुसतेच बराच वेळ शेजारी बसून राहिले.

दुपारी चौकीतल्या खिडकीपाशी त्यांनी वही उघडली आणि लाल पेन घेतलं. पहिल्या ओळीसमोर लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहिले नाही', खाली सही केली. दुसऱ्या ओळीसमोर तेच. एकाच हाताने, एकाच स्टुलावर बसून लिहिलेले ते आकडे, पण त्यांना ओळ न ओळ वेगळी ओळखू येत होती. इथे तिचा ताप उतरला होता. इथे तिने चष्मा मागून घेतला आणि वर्तमानपत्र उलटं धरलं. इथे मुलीने आईची वेणी घातली, केस फार राहिले नव्हते तरी. ह्या ओळीच्या दिवशी ती काहीच बोलली नव्हती. त्या सगळ्या दिवसांचा दुसरा कुठलाही कागद त्यांच्याजवळ नव्हता. 'प्रत्यक्ष पाहिले नाही', सही. 'प्रत्यक्ष पाहिले नाही', सही. चाळीस वेळा लिहून बोटं आखडली.

एक्केचाळिसाव्या ओळीपाशी ते थांबले. चष्मा काढून पुसला. मग एरवीपेक्षा मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं, 'शून्याखाली ४० सेंमी. स्वतः पाहिले.'

सही केली. बाहेर बाई हाका मारत होत्या, त्यांना वही हवी होती. पट्टीवाल्यांनी ती एवढ्यात मिटली नाही. लाल शाई अजून ओली होती, आणि ती वाळेपर्यंत ते खाली वाकून त्या ओळीवर हलकेच फुंकर घालत राहिले.